आपल्या घरचा केर कोणाच्या दारीं?

पुण्याच्या दक्षिणेस, कात्रजच्या घाटाखालीं जें तळें आहे त्याची हकीकत पुणेकरांस नवी नाहीं. नानासाहेब पेशव्यांच्या काळीं, सन १७५० च्या सुमारास, तेथें पाणी अडवून तें बांधीव नळानें शनिवारवाड्यापर्यंत व शहरांतील हौदांपर्यंत आणण्यांत आलें. वीज नाहीं, पंप नाहीं. केवळ जमिनीचा उतार ओळखून केलेली ही योजना. नळाच्या वाटेवर ठिकठिकाणीं हवेसाठीं उंच, पोकळ बांधकामें केलेलीं असत. त्यांस लोक ‘उसासे’ म्हणत. नळांत कोंडलेली हवा तेथून बाहेर पडे आणि पाणी न अडतां पुढें जाई. आजच्या आमच्या विषयाशीं ह्या उसाशांचा संबंध काय, हें पुढें ओघानें येईलच.

घरांत पाणी कोठून येतें ह्याची चौकशी करणारीं माणसें पुष्कळ आहेत; परंतु घरांतून केर कोठें जातो हें विचारणारा विरळा. सकाळीं केर नेणारी बाई दारीं येते, घरांतलें कोणीतरी बादली तिच्या पुढ्यांत रिकामी करतें, दार लागतें आणि घर स्वच्छ झालें असें आपण समजतों. वास्तविक पाहतां केराची जागा तेवढी बदललेली असते. ती नवी जागा कोणाच्या तरी शेताच्या बांधावर, कोणाच्या तरी विहिरीजवळ असते, हें आपल्या ध्यानीं येत नाहीं.

गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून पुणें शहराचा केर सासवड रस्त्यावरील उरुळी देवाची व फुरसुंगी ह्या गांवांच्या शिवारांत पडूं लागला. शहर वाढलें तसे ढीगहि वाढले. ढिगांतून झिरपणारें काळें पाणी जमिनींत मुरून विहिरी बिघडल्या, दुर्गंधीनें व माशांनीं जेवण नकोसें झालें, अशी तक्रार ते गांवकरी वर्षानुवर्षें करीत आले. २०१७ सालच्या एप्रिल महिन्यांत तेथील ढिगास मोठी आग लागली. तेव्हां ग्रामस्थांनीं शहराच्या गाड्या अडविल्या आणि सुमारें तीन आठवडे पुण्याचा केर पुण्यांतच राहिला. त्या दिवसांत ज्यांनीं आपल्या कोपऱ्यावरची कचरापेटी पाहिली असेल, त्यांस शेजारधर्म मोडणें म्हणजे काय ह्याची थोडी कल्पना आली असेल. आपण तीन आठवडे नाक धरलें. त्या गांवांनीं वीस-पंचवीस वर्षें धरलें होतें. जुन्या ढिगांवर माती घालणें, तो केर उकरून चाळणें, अशीं कामें सरकारी पातळीवर हातीं घेण्यांत आलीं; परंतु साठलेलें निस्तरणें हें रोज नव्यानें साठूं न देण्याहून कितीतरी कठीण आणि खर्चाचें काम आहे.

कुजणें दोन प्रकारचें

एवढा त्रास होण्यासारखें आपल्या केरांत असतें तरी काय? आपल्या इकडील शहरी केरांत निम्म्याहून अधिक भाग भाजीचीं देठें, फळांच्या सालीं, चहाचा चोथा, उरलेलें अन्न, निर्माल्य ह्यांचा असतो. ह्या वस्तु मुळांत निरुपद्रवी आहेत. त्या कुजणारच, तो सृष्टीचा नियम आहे. प्रश्न एवढाच कीं त्या कोणत्या रीतीनें कुजतात.

कुजणें म्हणजे सूक्ष्म जंतूंचें जेवण. ज्या जंतूंना हवेंतला प्राणवायु मिळतो ते हें जेवण झपाट्यानें उरकतात. त्यांच्या हातून कर्बवायु, वाफ आणि उष्णता बाहेर पडते व मागें काळीभोर, पावसाच्या पहिल्या सरीनंतरच्या मातीसारखा वास येणारी खतमाती राहते. तो कर्बवायु झाडांनीं हवेंतूनच घेतलेला असतो, म्हणून त्याच्या परत जाण्यानें नवी भर पडत नाहीं. उलट, तोच केर वीस-तीस हात उंच ढिगाखालीं दडपला गेला म्हणजे तेथें प्राणवायु पोंचत नाहीं. मग हवेवांचून जगणाऱ्या दुसऱ्या जातीच्या जंतूंचें राज्य सुरू होतें. त्यांचें काम मंद असतें, वर्षानुवर्षें चालतें, आणि त्यांतून आंबट घाण पाणी व मिथेन नांवाचा ज्वालाग्राही वायु निर्माण होतो. कचराडेपोच्या पोटांतून निघणाऱ्या वायूंत सुमारें निम्मा भाग मिथेनच असतो. अशा ढिगांस आग लागली कीं ती आंतल्या आंत दिवसचे दिवस धुमसत राहते, ह्याचें एक मोठें कारण हा वायु होय.

मिथेनचा दुसरा अवगुण अधिक दूरवर पोंचणारा आहे. पृथ्वीभोंवतीं उष्णता कोंडून धरण्यांत तो कर्बवायूहून फार जबर आहे. शंभर वर्षांच्या हिशेबानें वजनास वजन सुमारें अठ्ठावीस पट, आणि वीस वर्षांच्या हिशेबानें सुमारें ऐशीं पट. मात्र तो वातावरणांत बारा वर्षांच्या आसपासच टिकतो. याचा अर्थ असा कीं, आज मिथेन थांबविला तर त्याचा गुण आपल्या हयातींत, आपल्या नातवंडांच्या बाळपणींच दिसूं लागेल. हवामानाच्या प्रश्नांत इतका लवकर फळ देणारा उपाय क्वचितच सांपडतो.

एका कुटुंबाचा हिशेब मांडून पाहूं. पांच माणसांच्या घरांत रोज सुमारें एक किलो ओला केर धरला तर वर्षाचे झाले ३६५ किलो. आंतरराष्ट्रीय हवामान-समितीच्या गणितपद्धतीनें पाहतां, एक टन अन्नाचा केर खोल, कोंदट ढिगांत पुरला गेला तर त्यांतून हळूहळू सुमारें ५० किलो मिथेन बाहेर पडतो. म्हणजे आपल्या एका घरापायीं वर्षास सुमारें १८ किलो मिथेन, अर्थात् अर्ध्या टन कर्बवायूइतका ताप. दहा-बारा माणसांच्या एकत्र कुटुंबाचा आंकडा वाचकांनींच काढावा. हा ताप टाळण्यास दिल्लीच्या किंवा परदेशच्या कोणत्याहि परिषदेची वाट पाहावी लागत नाहीं. केरास हवा लागूं दिली म्हणजे पुरे.

कात्रजनें काय दाखविलें?

हा विचार शहराच्या पातळीवर करून पाहण्याचा एक लक्षणीय प्रयत्न कात्रज येथेंच झाला. सन २०१०-११ च्या सुमारास पुणें महानगरपालिका, मराठा चेंबरच्या पुढाकारानें निघालेली ‘जनवाणी’ ही संस्था, कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आणि कमिन्स इंडिया ही कंपनी ह्यांनीं मिळून कात्रज प्रभागांत ‘शून्य कचरा’ योजना हातीं घेतली. योजना सोपी होती. घरोघर जाऊन ओला व सुका केर वेगळा ठेवण्यास सांगावयाचें. तो कचरावेचक भगिनींनीं दारावरून वेगवेगळाच न्यावयाचा. सुक्यांतील कागद, कांच, पत्रा पुन्हां कारखान्यांकडे जावयाचा. आणि ओला केर जवळच्या जवळ खतांत किंवा बंद टाकींतील ज्वलनवायूंत रूपांतरित करावयाचा. त्या वायूवर वीज करून रस्त्यावरचे दिवे लावावे असाहि उद्देश होता.

येथें कोणी विचारील कीं, टाकींतहि हवा नसते, मग तेथें मिथेन होत नाहीं काय? होतो, पण तो कोंडून घेऊन जाळला जातो, वाऱ्यावर सोडला जात नाहीं. उघड्या ढिगांत जो शत्रु, तोच टाकींत बांधला म्हणजे चाकर होतो.

कात्रजच्या प्रयोगाचें मर्म आमच्या मतें यंत्रांत नाहीं. यंत्र कितीहि उत्तम असलें तरी त्यांत प्लॅस्टिकच्या पिशव्या, कांचा व चिंध्या मिसळलेला केर पडला कीं तें अडतें. त्याची किल्ली प्रत्येक घराच्या ओट्याखालीं, दोन डब्यांत आहे. केर वेगळा ठेवण्याचा नियम सरकारनें २००० सालीं केला, २०१६ सालीं तो अधिक स्पष्ट करून ओला, सुका व घातक असे तीन भाग सांगितले. पण ओट्याखालचे दोन डबे कायद्यानें भरत नाहींत, ते घरांतल्या माणसांनींच भरावे लागतात.

आपल्याच परसांतली विद्या

ही विद्या आपल्या घरांस परकी आहे असेंहि नाहीं. आपल्या आजीच्या काळीं मोरीचें पाणी परसांतल्या केळीला व अळूला जाई, खरकटें गाईच्या पुढें जाई, आणि जें उरे तें उकिरड्यावर पडून वर्षाअखेर शेतांत पोंचे. वाडे गेले, परस गेलें, गाय गेली. राहिली फक्त खरकट्याविषयींची किळस. पूर्वीं खरकटें हातानें काढून जागा सारवणारी गृहिणी त्यास अस्पर्श समजत नव्हती. काम झालें कीं हात धुऊन मोकळी होई. आज आपण पिशवीची गांठ मारतों आणि तिच्याकडे पाहावयासहि नको म्हणतों.

ह्या किळशीच्या मुळाशीं आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आमच्यासारख्या घरांनीं प्रामाणिकपणें बोलली पाहिजे. घाण करावी आपण आणि काढावी दुसऱ्यानें, तीहि ठराविक जातींत जन्मलेल्यानें, ही वांटणी आपल्या समाजानें पिढ्यान् पिढ्या पत्करली. रत्नागिरीचे आप्पासाहेब पटवर्धन ह्यांनीं ती अमान्य केली. १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत त्यांनीं सफाईचें काम आपणांस मिळावें अशी मागणी केली. सवर्ण हिंदूस तें काम देतां येत नाहीं असें उत्तर मिळतांच त्यांनीं अन्नत्याग केला, आणि येरवड्याच्या तुरुंगांत असलेल्या गांधीजींनीं त्यांच्या पाठिंब्यार्थ उपोषण आरंभिलें. पुढें कणकवलीच्या गोपुरी आश्रमांत आप्पासाहेबांनीं मैल्यापासून व केरापासून खत करण्याचे प्रयोग चालविले. ब्राह्मणाघरच्या ह्या सुशिक्षित गृहस्थानें जें काम हट्टानें मागून घेतलें, त्याचा अगदीं सौम्य अंश, म्हणजे स्वतःच्या घरची भाजीचीं देठें कुजविणें, आपणांस जड वाटूं नये.

पुण्यांत १९९३ सालीं स्थापन झालेल्या ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ह्या संघटनेंतून ‘स्वच्छ’ संस्था पुढें निघाली. तिच्या भगिनी आपल्या दारीं येतात. त्यांच्या हातीं नासलेल्या आमटीनें माखलेले कागद द्यावयाचे कीं कोरडे, स्वच्छ कागद, हें आपल्यावर आहे. कोरड्या कागदांस भाव येतो. माखलेल्यांस फक्त दुर्गंधी.

लवकर कुजविण्याचे पांच नियम

आतां कृतीकडे वळूं. खताची शास्त्रशुद्ध पद्धति बसविण्याचें मोठें काम आपल्याच देशांत, इंदूर येथें झालें. तेथील वनस्पति-संशोधन संस्थेंत १९२४ ते १९३१ ह्या काळांत सर आल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड ह्यांनीं शेतांतील टाकाऊ पाला, शेण, माती ह्यांचे थर रचून आणि ते ठराविक वेळीं उलथेपालथे करून सुमारें तीन महिन्यांत उत्तम खत करून दाखविलें. दोघांच्या नांवानें त्यावरचा ग्रंथ १९३१ सालीं प्रसिद्ध झाला. ‘इंदूर पद्धति’ ह्या नांवानें ती जगभर गेली. घरगुती खताचे पुढील नियम त्याच तत्त्वांवर उभे आहेत.

पहिला नियम तुकड्यांचा. जंतु पृष्ठभागावरून खातात. म्हणून सालीं, देठें, कोबीचे दांडे विळीवर बोटाच्या पेराएवढे चिरून टाकावे. अखंड कणसाचा बुरखुंडा सहा महिने जसाच्या तसा राहतो.

दुसरा नियम जोडीचा. ओल्या केरांत नत्र अधिक, वाळल्या पानांत कर्ब अधिक. जंतूंस एक भाग नत्रामागें पंचवीस ते तीस भाग कर्ब लागतो. घरगुती मापानें सांगावयाचें तर एक ओंजळ ओल्या केरावर एक ते दोन ओंजळी वाळला पाला, लांकडाचा भुसा किंवा नारळाच्या काथ्याचा चुरा पसरावा. रस्त्याकडेला जाळला जाणारा पाला ह्या कामीं सोन्यासारखा आहे. तो पोत्यांत भरून ठेवावा.

तिसरा नियम हवेचा, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. भांडें बाजूनें व तळाशीं भोंकें पाडलेलें असावें. मातीचा माठ, पिंप किंवा दाट विणीची टोपलीहि चालते. तीन-चार दिवसांनीं काठीनें किंवा खुरप्यानें सगळें खालींवर करावें.

चौथा नियम ओलाव्याचा. मूठभर माल हातांत घेऊन पिळला असतां हात ओला व्हावा, पण धार लागूं नये. धार लागली तर पाला वाढवावा. हातास कोरडें लागलें तर पाणी शिंपडावें.

पांचवा नियम विरजणाचा. दूध आपोआपहि नासतें, परंतु दहीं हवें असेल तर विरजण लावावें लागतें. त्याचप्रमाणें नव्या भांड्यांत दोन मुठी जुनें खत घालावें. तें न मिळाल्यास थोडें शेण पाण्यांत कालवून किंवा आंबट ताक शिंपडून आरंभ करतां येतो. ह्या सूक्ष्म मदतनीसांची संख्या पहिल्याच दिवशीं मोठी असली म्हणजे काम लवकर सुरू होतें.

हे पांच नियम पाळले तर दीड-दोन महिन्यांत खत ओळखूं येतें. न पाळतां नुसतें टाकून ठेवलें तर सहा महिनेहि पुरत नाहींत. भांडें भरलें कीं तें बाजूस ठेवून दुसरें सुरू करावें. पहिल्याचा माल तोंपर्यंत मुरतो आणि पांच बादल्यांचा एक बादलीभर होतो. सोसायटीच्या अंगणांत तीन फूट लांब, रुंद व उंच असा ढीग करतां आला तर तो आंतून ५५ ते ६० अंशांपर्यंत तापतो, रोगजंतु व तणाचें बीं मरतें, आणि काम आणखी लवकर होतें. गांडुळें मात्र ह्या तापल्या ढिगांत घालूं नयेत. तो निवाल्यावर घालावीं.

घाण वास आला तर

पहिल्या खेपेस आमच्याहि घरीं चूक झाली. चिलटांच्या भीतीनें आम्ही झांकण घट्ट लाविलें, वर पाला घालण्यांत कसर केली, आणि आठ दिवसांत गॅलरींत उभें राहवेना. घरांतील वडील मंडळींचा कौल ‘हें खूळ बंद करा’ असा पडला. शेवटीं सगळें उपसून त्यांत दुप्पट पाला मिसळला, झांकणाच्या जागीं जुनें सुती फडकें बांधलें. तिसऱ्या दिवशीं वास गेला. दुर्गंधी म्हणजे केराची तक्रार आहे कीं मला श्वास मिळत नाहीं. आंबट वास आला तर हवा व पाला कमी आहे; डोळ्यांस झोंबणारा वास आला तर हिरवा, ओला माल फार झाला आहे. पांढरी बुरशी दिसली तर घाबरूं नये, ती कामकरीच आहे. चिलटें झालीं तर ओल्या केरावर नेहमीं कोरडा थर ठेवावा. उरलेला भात, पोळी थोडी थोडी व चांगली मिसळून घालावी. तेलाचा खकाणा व दूध घालूं नये.

निर्माल्याचें भांडें वेगळें ठेवल्यास सोंवळ्याओंवळ्याचा प्रश्नहि सुटतो. हारांतील दोरा व जरी काढून फुलें त्यांत मुरवावीं आणि तें खत तुळशीस घालावें. मुळा-मुठेच्या पाण्यांत प्लॅस्टिकच्या पिशवीसकट निर्माल्य सोडण्यापेक्षां ही देवास अधिक आवडणारी सेवा होईल असें आम्हांस वाटतें.

एक सूचना विशेष करून पुरुषवाचकांस. हें काम सूनबाईंच्या दिनक्रमांत आणखी एक भर म्हणून ढकलूं नये. भाजी चिरणाराचा हात ओट्यापाशीं असतो म्हणून तुकडे तेथें व्हावे, हें ठीक; पण पाला आणणें, खालींवर करणें, भांडीं बदलणें हें घरांतील पुरुषांनीं अंगावर घ्यावें. मुलांना रोज ढिगांत हात घालून तो किती तापला हें पाहण्याचें काम द्यावें. शाळेंतल्या विज्ञानाच्या पुस्तकापेक्षां तें लवकर समजतें. आजोबांस झाडें सोंपवावीं. एकत्र कुटुंबाचा फायदा अशा कामांत जितका, तितका अन्यत्र क्वचित्.

ज्यांच्या घरीं मोठी गच्ची किंवा अंगण आहे त्यांच्यासाठीं आणखी एक मार्ग पुण्यांतच निघाला. महर्षि कर्व्यांचे नातू डॉ. आनंद कर्वे ह्यांनीं ‘आरती’ ह्या संस्थेच्या द्वारें शेणाऐवजीं खरकट्या अन्नावर चालणारें घरगुती वायुयंत्र तयार केलें. शेण हें जनावराच्या पोटांतून आधींच पचून आलेलें असतें, अन्नांत पिष्ट व साखर शिल्लक असते. म्हणून थोड्या खरकट्यांतून पुष्कळ वायु मिळतो, असा त्यांचा विचार. ह्या यंत्रास २००६ सालीं इंग्लंडमधील ॲश्डेन पारितोषिक मिळालें. घरचें खरकटें घरच्याच शेगडीखालीं जळावें, ही कल्पना गृहिणींस आवडण्यासारखी आहे.

शेवटीं पुन्हां कात्रजच्या नळाकडे येऊं. पेशव्यांच्या कारागिरांनीं नळ बांधतांना वाटेवर उसासे ठेवले, म्हणून पाणी पेठांपर्यंत पोंचलें. आपण केर कोंडला, आणि त्याचा उसासा उरुळी-फुरसुंगीच्या लोकांस टाकावा लागला. दोन भांडीं, पोतेंभर पाला आणि घरांतल्या माणसांची रोजची पांच-दहा मिनिटें एवढ्या भांडवलावर तो त्यांच्या दारांतून परत आणतां येतो. उद्यां सकाळीं केर नेणारी बाई दारीं येईल, तेव्हां तिच्या पुढ्यांत फक्त कोरडा केर ठेवून पाहावा. ती कांहीं बोलणार नाहीं कदाचित्. पण तिच्या डोक्यावरचा भार हलका झालेला तिला समजेल.